खालचे काका आणि मातीचे सेन्सर

बाळांनो, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा या जगात कशावरही पहिल्या फटक्यात विश्वास बसत नाही. मातीत खोचला की ओल किती, क्षार किती हे मोबाइलवर सांगणारे सेन्सर इथल्या एका कारखान्यात तयार होतात. ते शेतकऱ्याकडे जाण्याआधी तपासायचे, हे काकांचं काम. पण ते काम कारखान्यात ठेवून घरी येत नाहीत. चाळून डब्यात भरलेली एकच माती ते गच्चीवर उन्हात, मग जिन्यातल्या सावलीत, मग माझ्या फ्रिजशेजारी ठेवून पुन्हा पुन्हा तपासतात. माझ्या तुळशीला तर इतक्यांदा टोचून झालंय की मला तिचीच काळजी वाटते. प्रत्येक वेळी सेन्सर शुद्ध पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसायचा. "माझा चष्मा कधी असा पुसला नाही," काकू एकदा म्हणाल्या. काका शांतपणे म्हणाले, "चष्म्याची तक्रार आली नाही अजून."

यंदा नवरात्रात काकूंच्या धाकट्या भावाचा निफाडहून फोन आला. त्याची द्राक्षबाग आहे. नवे सेन्सर काकांनी सगळेच अडवून ठेवले होते, कारण एकाच मातीला ते सकाळी एक सांगत आणि दुपारच्या उन्हात दुसरंच. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच भाजी निवडत होते.

"दाजी, छाटणी तोंडावर आली. घरच्या माणसाला तरी एक द्या."

"घरच्या माणसाला चुकीचं कसं देऊ?"

"लय झालं दाजी तुमचं," म्हणून त्याने फोन ठेवला, आणि नंतर उचललाच नाही. काकूंना तो एकुलता एक भाऊ. आईवडील गेल्यापासून माहेर म्हणजे तोच. भाऊबीजेला येईल की नाही, हे विचारायचं धाडस कुणाला होईना. काका जेवताना हळूच म्हणायचे, "सोडू का गं एक?" त्यावर काकू म्हणायच्या, "बिघडलेलं देऊन त्याला बोलावू नका."

भाऊबीजेला मी चकल्या घेऊन खाली उतरले. आत पाट मांडलेला, निरांजन तयार. आणि दारात भाऊ उभा, चपला न काढता, हातात मातीची पिशवी.

"दाजी, छाटणी उरकली. यंत्र राहू द्या. खत किती टाकू, ते तुम्हीच माती बघून सांगा."

एरवी काकांनी कुठल्या ओळीतली, किती खोल खणली, पिशवी कोरडी होती का, सगळं विचारलं असतं. त्या दिवशी त्यांनी पिशवी नुसती दोन्ही हातांनी घेतली.

"दोघंही आधी हात धुवा," काकू म्हणाल्या.

मी तशीच वर आले, चहा ठेवला. खालून तिघांच्या बोलण्याचा आवाज येत राहिला, आणि तुमच्याशिवाय आपलं घर मला उगीचच मोठं वाटलं.