गच्चीच्या दारावरच्या तीन ओळी

आमच्या इमारतीच्या गच्चीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. वरचे नऊ नियम मी छापून आणलेले, क्रमांकवार. त्यांच्याखालच्या तीन ओळी निळ्या पेनाने लिहिलेल्या, अक्षर जरा वाकडं. त्या ओळी तिथे कशा आल्या ते अमेरिकेतल्या माझ्या थोरल्या नातीला अर्धंच माहीत आहे, आणि धाकटा नातू तेव्हा फोनवर तिच्या मागे जमिनीवर गाड्या फिरवत होता. म्हणून दोघांसाठी सगळं लिहून ठेवते.

गेल्या चैत्रात वाळवणावरून गच्चीवर कुरबुर झाली. एकीच्या साबुदाण्याच्या पापड्यांवर दुसरीची ओली चादर पडली. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून इमारतीत सगळे मला बाई म्हणतात आणि लिहिण्याचं काम माझ्याकडेच येतं. "बाई, तुम्ही नियम करा," असं ठरलं. मी एका दुपारात केले. फ्लॅटच्या क्रमांकाप्रमाणे वाळवणाच्या पाळ्या. ज्यांची पाळी त्यांनीच वर यायचं. इतर वेळी दाराला कुलूप, किल्ली माझ्याकडे. बारा घरांपैकी अकरांनी सह्या केल्या. न वाचता केल्या असाव्यात, असं आता वाटतं.

बाराव्या म्हणजे आमच्या दारासमोरच्या वहिनी. सटाण्याकडच्या. यजमानांच्या नोकरीमुळे इकडे येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि परत दिला.

"सही नाय करत मी."

"का? माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर भरोसा शे ना बाई. कागदावर नाय. तुम्ही उद्या लेकाकडे अमेरिकेला जाल. कागद इथंच राहीन."

मला राग आला. एवढा नेटका कागद, त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? त्या दिवसापासून आमच्या दारांमधली वाटी थांबली. एरवी तिकडून मिरचीचा ठेचा येई, इकडून गोडाचं काही जाई.

त्यांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. हळदीच्या जेवणात घरच्या कुरडया हव्यात, विकतच्या नकोत, हा त्यांचा हट्ट. धाकट्यासाठी सांगते: कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, मग वाटून, गाळून त्याचा चीक काढतात. तो शिजवून गरम असतानाच साच्यातून पाडायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. चीक फार थांबत नाही, आंबून जातो.

वहिनींची गच्चीची पाळी बुधवारी होती. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलं आणि दुपारी चार थेंबही पडले. संध्याकाळी त्या दारात आल्या. बऱ्याच दिवसांनी.

"बाई, उद्या किल्ली द्याल का? चीक एक दिवस ठेवता येईन, दोन नाय."

गुरुवारची पाळी वरच्या मजल्यावरच्या घराची होती. त्या बाईंचे पापड अजून आठवडाभर तरी होणार नव्हते, हे मला माहीत होतं. तरीही मी म्हटलं, "नियमात बसत नाही हो."

त्या वळून आपल्या घरात गेल्या. दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला थोरलीचा फोन. तुमच्याकडे बुधवारची संध्याकाळ. चेहरा रडवेला.

"आजी, मला सगळ्यात वाईट माणूस आलाय."

दुसऱ्या दिवशी वर्गात वादविवाद होता. इंग्लंडच्या राजापासून सुटल्यावर अमेरिकेतल्या राज्यांचे प्रतिनिधी नवी राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात जमले, त्या बैठकीचा. भर उन्हाळा, आणि बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. मुलांनी चिठ्ठ्या काढल्या. मैत्रिणींना सही करणारे मिळाले, हिला शेवटपर्यंत सही न करणारा.

"तो म्हणाला, सही करण्यापेक्षा उजवा हात तोडून घेईन. असं कोण बोलतं?"

"पण का नाही केली?"

"सरकार काय काय करू शकतं ते कागदात होतं. लोकांचं काय काढून घेऊ शकत नाही, ते नव्हतं. तो म्हणाला, ते लिहा. बाकीचे म्हणाले, गरज नाही."

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हटलं. "जो अधिकार दिलाच नाही, तो सरकार वापरेल कसा?"

"आजी, तू त्यांच्या बाजूने नको ना बोलूस. गरज नव्हती तर नव्हती, पण लिहायला काय हरकत होती?"

मी म्हटलं, चार महिने बसून थकले असतील, घरी जायचं असेल. शिवाय आपण भले आहोत हे आपल्याला ठाऊक असतंच. एवढं बोलले आणि समोर टेबलावरच्या किल्लीकडे लक्ष गेलं.

"हे उद्या म्हण वर्गात," मी तिला सांगितलं. "हरकत काय होती, ते विचार." आणि फोन ठेवला.

किल्ली, कागद आणि पेन घेऊन समोरची बेल वाजवली. वहिनी जाग्याच होत्या.

"आधी चीक शिजायला टाका," मी म्हटलं. "आणि मग सांगा, कागदावर काय लिहू."

"तुम्ही नका लिहू. मी लिहिते."

त्यांनी गॅसशेजारी ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. 'चीक तयार असेल त्याला गच्ची अडवायची नाही. मदतीला येणाऱ्या बाईला पाळी कुणाची ते विचारायचं नाही. गच्चीला कुलूप लावायचं नाही.' तिसऱ्या ओळीवर मी हुज्जत घातली. लहान मुलं वर जातात, पडतील. शेवटी उंचावर कडी बसवायची असं ठरलं. मग त्यांनी सही केली.

सात वाजता आम्ही पाच जणी गच्चीवर होतो. एकटीने कुरडया होतच नाहीत. एक चीक घाटते, एक साचा भरते, एक दाबते. मी हे आयुष्यभर पाहत आले आहे, आणि तरी 'ज्यांची पाळी त्यांनीच वर यायचं' असा नियम माझ्याच हातून लिहिला गेला होता. दाबता दाबता मी त्या उजव्या हाताची गोष्ट सांगितली.

"हात तोडून कसं चालीन?" वहिनी म्हणाल्या. "कुरडया कोण पाडीन? त्या बैठकीत बाया होत्या का?"

"एकही नव्हती."

"तरीच चार महिने लागले."

थोरली वादविवादात दोन मतांनी हरली. पण शेवटच्या मिनिटाला तिने वाचून दाखवलं की हक्कांची ती यादी मागाहून जोडावीच लागली, दहा कलमं. ती यादीही सगळ्यांना लागू नव्हती, गुलामांना तर नाहीच, हेही तिने सांगितलं. ते मी तिला शिकवलं नव्हतं.

लग्नात कुरडया पुरल्या. आमच्या वाट्या पुन्हा सुरू झाल्या.

यंदा माझ्या सांडग्यांची डाळ वाटून झाली आणि आभाळ आलं. माझी गच्चीची पाळी हुकली. दुसऱ्या दिवशी ऊन पडताच ताटं घेऊन वर गेले, तर वहिनी आधीच बसलेल्या, त्यांचीच पाळी.

"बाई, आज तुमचा नंबर शे का?"

मी मानेनं दाराकडे खूण केली. "खालची पहिली ओळ वाचा."

"त्यात चीक लिहिलंय, डाळ नाय," त्या म्हणाल्या, आणि आपलं प्लास्टिक सरकवून मला जागा केली.