डोळ्याची रेघ

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. फर्निचरच्या कारखान्यात चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून काढली. एकाने कपाटाचं दार उलटं बसवलं तेव्हा मी त्याच्या अंगावर रंधा फेकला होता. नेम चुकला, म्हणून आज बाहेर आहे. पण ही गोष्ट माझी नाही, पेन्सिलची आहे.

पेन्सिल हे आम्ही ठेवलेलं नाव. अंबाड्यात कायम पेन्सिलीचा तुकडा खोचलेला. आली होती पॉलिश करायला, आणि घासता घासता फळीच्या मागच्या बाजूला खुर्च्या काढत बसायची. खुर्च्या कसल्या, मेलेली जनावरं! चार पाय चार दिशांना. मी एक फळी उचलून तिच्यासमोर आपटली.

"हे काय आहे?"

"खुर्ची."

"मग बसून दाखव हिच्यावर!"

ती खुदकन हसली. सगळा कारखाना मला टरकून असायचा, आणि ही बया तोंडावर हसली. म्हटलं, हिला शिकवायचं. तसेही माझे डोळे अधू होत चालले होते आणि गिऱ्हाइकाला कपाट आधी कागदावर दाखवावं लागतं.

पहिला महिनाभर तिला नुसतं एक खोकं समोर ठेवून बसवलं. "ठाऊक आहे ते काढू नकोस, दिसतंय ते काढ. टेबलाला चार पाय असतात हे ठाऊक आहे. इथून तीनच दिसतायत. चौथा कुठून आणलास, माहेरून?" मग डोळ्याची रेघ शिकवली. कागदावर पहिली आडवी रेघ मारायची ती आपला डोळा जितक्या उंचीवर आहे तितक्या उंचीची. डोळ्याच्या वरचं सगळं उतरत त्या रेघेकडे येतं, खालचं सगळं चढत येतं, आणि लांब जाता जाता त्याच रेघेवर एका ठिपक्यात मिळतं. टेबल रेघेच्या खाली असेल तर त्याचा माथा दिसेल. वर असेल तर पोट दिसेल. रेघ चुकली की सगळं घर कोसळलं.

पोरगी हुशार. वर्षभरात असं कपाट काढायला लागली की गिऱ्हाईक कागदावरच्या दाराला हात लावून बघायचं.

पण घरी काढून आणायला वही दिली होती, त्यात घोळ. रेघ खाली, पार जमिनीला टेकलेली. टेबलाचं पोट दिसतंय, खाटेच्या खालच्या पट्ट्या दिसतायत, दाराची चौकट आभाळाला भिडलेली. "तू काय उंदीर आहेस का?" असं म्हणून मी लाल पेन्सिलीने फुली मारायचो आणि वर बरोबर रेघ काढून द्यायचो. ती म्हणायची, "चुकलं, मिस्त्री." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तीनदा, चारदा, दहादा! शेवटी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोखंडी फूटपट्टी उचलली आणि कडेने तिच्या बोटांवर हाणली. कातडी फाटली, वहीवर रक्त पडलं.

"तुझा डोळा कुठे असतो गं?" मी ओरडलो.

तिने पदराने वहीवरचं रक्त पुसलं आणि वही मिटली. त्या दिवसापासून घरची चित्रंही बरोबर उंचीची यायला लागली. मी मिशीतल्या मिशीत खूश. पट्टी लागू पडली म्हटलं.

कधी डोळा काळानिळा असायचा, कधी ओठ फुटलेला. विचारलं की "दार लागलं." आमच्या धंद्यात फळी लागते, पटाशी लागते, कुणाचं अंग कोरं नसतं. मी काणाडोळा केला. आणखी काय सांगू?

मग एक दिवस ती आलीच नाही. दुपारी निरोप आला, दवाखान्यात आहे.

जबडा दोन ठिकाणी मोडलेला, दात तारेने शिवलेले. तीन बरगड्या गेलेल्या. एक डोळा सुजून बंद. आणि उशाशी नवरा, ट्रकचा मेकॅनिक, धाय मोकलून रडतोय. "स्टुलावरून पडली हो! कपाटावरची धूळ पुसत होती."

हवालदारीणबाई आल्या. पेन्सिलला कागद दिला, काय झालं ते लिही म्हणाल्या. नवरा तिच्या कपाळावरून हात फिरवत होता. तिने लिहिलं, "पडले."

बाहेर आल्यावर हवालदारीणबाई माझ्यावरच उखडल्या. "मला कळत नाही का? पण ही पडले म्हणते, शेजारी कानांवर हात ठेवतात, हत्यार सापडत नाही. चार दिवसांनी सुट्टी मिळेल आणि हाच घेऊन जाईल घरी. पुढच्या वेळी मी येईन ती प्रेत उचलायलाच."

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेलेला बघून मी गेलो. तिला बोलता येत नव्हतं. वही आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. ती दोन तास काढत होती. मी वाकून बघितलं आणि जित्याची खोड, तोंडातून गेलंच, "रेघ खाली गेली, पोरी."

तिने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. आणि मान हलवली. नाही.

मग मी नीट बघितलं. तिची खोली. रेघ जमिनीपासून चार बोटांवर. खाटेचं पोट. कोपऱ्यात स्टूल, चारही पायांवर धड उभं, आणि त्यावर घडी घातलेल्या कपड्यांची चवड. धूळ पुसायला चढली म्हणे त्यावर! अगदी समोर दोन बूट, भिंतीएवढे. आणि पार मागे, कपाटाखाली, भिंतीला टेकून पडलेला एक मोठा पाना. त्याचा दातन्‌दात काढलेला. मारून फेकला असेल तो सरकत आत गेला. उभ्या माणसाला तो दिसणारच नाही. ज्याचा गाल जमिनीवर आहे, त्यालाच दिसेल.

"अजून तिथेच आहे?"

तिने मान डोलावली. मी वही उचलली आणि तडक चौकीवर गेलो.

त्याच संध्याकाळी हवालदारीणबाई वही घेऊन त्या घरात शिरल्या. मीही मागोमाग. नवरा कामावरून परतला होता, तो दारात आडवा आला, "बाई, घरोघरी मातीच्या चुली, कशाला..." त्याला बाजूला सारून बाई आडव्या झाल्या, गाल फरशीला लावला, वही शेजारी धरली. एकदा वहीत बघितलं, एकदा कपाटाखाली. मग म्हणाल्या, "मिस्त्री, सगळं जसंच्या तसं आहे हो."

काठीने पाना ओढून काढला. त्याला रक्त होतं, आणि रक्तात चिकटलेले लांब केस.

मी त्याच्या तोंडावर मूठ हाणली. दात पडल्याचा आवाज आला. पुन्हा हाणली. तो खाली पडला, तसा मी त्याच्या बरगड्यांत लाथ घातली, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. बाईंनी तेवढं होऊ दिलं आणि मग माझं मनगट पिरगाळलं. "झालं? आता माझं काम करू द्या."

तो गजाआड गेला. पेन्सिल आता माझ्या धाकट्या बहिणीकडे राहते.

तीन महिन्यांनी तारा निघाल्या आणि ती कामावर आली. तोवर मी तिच्या जुन्या वह्या काढून बसलो होतो. चौदा चित्रं. चौदा वेळा ती जमिनीवर पडली होती, आणि चौदाही चित्रांवर माझी लाल फुली. डोळे असून आंधळा मी! फूटपट्टी तिच्यापुढे ठेवली आणि हात पसरला. "मार."

तिने पट्टी बाजूला ठेवली. अजून बोबडंच बोलते. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

"काय कळलंय?"

"तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून काढून आणत होते. तुम्ही पट्टी मारलीत तेव्हा वाटलं, यांना सगळं कळलंय, पण घरचं इथे आणू नकोस म्हणतायत. मग नाही आणलं."

तिने अंबाड्यातून पेन्सिल काढली, कागद पुढे ओढला आणि गिऱ्हाइकाच्या कपाटासाठी डोळ्याची रेघ मारली. मी कारखान्यामागे फळ्यांच्या ढिगाआड गेलो आणि ओक्साबोक्शी रडलो.