बाळाच्या दुपट्यातला चाकू

मशीन बाळाच्या पाठीशी टींव टींव वाजलं आन रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. नगरच्या स्टँडावर भाइर पडायच्या गेटापाशी पोलिसांनी टेबल मांडून तपासनी लावली हुती. माझी पिशवी उलटीपालटी करून झाली, त्यात लंगोट, दुधाची बाटली, दवाखान्याची फाईल, दुसरं काय न्हाई. मला वाटलं सुटले. तवर टेबलापाशी उभ्या पोलीसबाईनी हातातलं काळं मशीन माझ्या अंगावरनं फिरवत खांद्यावरच्या बाळाच्या मागं नेलं, तर ते बोंबलायलाच लागलं. मी म्हनले वाळे हाईत मॅडम, चांदीचे. ती म्हनली वाळे पायात असत्यात, हे पाठीत वाजतंय. आन तिनं दुपट्याची गाठ सोडली.

चाकू खाली पडला. पडला तर पडला, पन त्याचा खटका ढिला झालेला, फरशीवर आपटल्याबरुबर खाट्‌कन उघडला. रांगेतल्या बाया मागं सरल्या. एक म्हातारी म्हनली, अगं बया, लेकराच्या अंगात हत्यार. पुरुषांच्या रांगेतला एकजण मोबाईल वर करून शूटिंग काढायला लागला. बाळ रडाया लागलं, मी बी रडाया लागले, आन माझ्या डोक्यात एकच, घड्याळ. डॉक्टर दुपारी जानार हुता.

तो डॉक्टर काय साधा न्हवता. काळजाचं मशीन लावून बघनारा, पुन्यावरनं महिन्यातनं एकदाच येनारा. आमच्या गावच्या दवाखान्यात लस टोचायला नेलं तवा तिथल्या डॉक्टरीनबाईनी बाळाच्या छातीला नळी लावली, परत लावली, आन म्हनली ठोक्यात आवाज येतोय, नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा, चुकवू नका. चुकवू नका हे दोनदा म्हनली. आता मला सांगा, जिचं पयलं बाळ बारशाच्या आदीच निजल्या जागी गेलं, तिला हे आयकून झोप लागंल का?

पयल्या बाळाचं कारन आमच्या घरात दोन हाईत. दवाखान्यात म्हनले, काळीज कमजोर हुतं. माझ्या सासूला मी आत्या म्हनते, त्या म्हनल्या, जमीन सारवताना कुनीतरी उशाचं लोखंड उचलून कोनाड्यात ठिवलं आन परत उशाशी ठिवायचं राहून गेलं. कुनी उचललं ते त्यांनी कदी सांगितलं न्हाई, पन घरात सारवायचं काम मीच करते. म्हंजी झालं.

म्हनून ह्या बाळाला पाचवीला जो चाकू पुजला, तो आत्यांनी त्याच्या उशापासनं हलू दिला न्हाई. पाचवीला आमच्याकडं लोखंड पुजत्यात, कुनी विळा ठिवतं, कुनी कोयता. आमच्याकडं त्या दिशी विळा शेतात राहिला हुता, मग बाळाच्या बापाच्या खिशातला चाकू घेतला. त्यांच्या खिशात तो कायमचाच. ठिबकची नळी कापायला, कांद्याच्या गोनीची सुतळी तोडायला, पेरू खायला. यात्रेत घेतलेला, खटका दाबला की पातं भाइर येतं. एकदा पुजला म्हंजी तो बाळाचा झाला, आता दुसरा चालत न्हाई, त्याच लोखंडानं राखायचं. हे महिनाभर बिनचाकूचे हिंडले, सुतळी दातानं तोडली, पन आईला मागायची हिंमत झाली न्हाई.

नगरला जायच्या दिशी हे माझ्याबरुबर येनार हुते. ऐन टायमाला पाटाच्या पान्याची पाळी आली. म्हनले तू हो म्होरं, राहुरीतनं गाडी थेट हाय, काय आवघड न्हाई. आत्यांनी उशाखालचा चाकू काढला, मी म्हनले पिशवीत टाका. त्या म्हनल्या, पिशवी गाडीत फळीवर ठिवशील, मग बाळाला काय उपेग, ते अंगालगत पायजे. आन त्यांनी स्वताच्या हातानं दुपट्यात गुंडाळून वर गाठ मारली. मी म्हनले टोचंल. त्या म्हनल्या मिटलेला हाय. आता खटका ढिला हाय हे मला म्हाईत हुतं का? न्हवतं. त्यांना म्हाईत हुतं का? त्यांना बी न्हवतं. ज्यांना म्हाईत हुतं ते पाटावर पान्याची दारं धरीत हुते.

तर मला टेबलामागं खुर्चीवर बसवलं. एक हवालदार आला, पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या. त्यानं चाकू रुमालात धरून उचलला, उघडला, मिटला, परत उघडला. म्हनला मिरवनुकीमुळं जिल्हाधिकाऱ्याचा आदेश हाय, काठी न्हाई, सुरी न्हाई, दगड बी गोळा करायचा न्हाई, आन तू खटक्याचा चाकू आनलास. तो बी लेकराच्या आडून. म्हंजी तुला म्हाईत हुतं लपवायचं हाय.

मी म्हनले साहेब, लपवला न्हाई, राखनीला ठिवलाय. तो म्हनला कुनाच्या राखनीला. मी म्हनले बाळाच्या. तो म्हनला उशाखाली ठेवत्यात ते म्हाईत हाय मला, मग उशाखालीच ठिवायचा, स्टँडावर कशाला आनला. ह्याला काय सांगू? बाळ स्टँडावर हाय तर चाकू घरी ठिवून काय करू, उशीला राखू?

गेटाच्या भाइर, आगदी समोर, टरबुजाची गाडी. तो गाडीवाला हातभर सुरी घेऊन सपासप फोडी करीत हुता, आन एक पोलीस तिथंच उभा राहून फोड खात हुता. मी बोट केलं. म्हनले त्याला काय करीत न्हाई तुमी. हवालदार म्हनला त्याचं ते काम हाय, धंदा हाय, तुझं काय काम? सातवीत शाळा सुटली माझी. कायद्यात टरबूज बसतंय आन माझं लेकरू बसत न्हाई, हे मला आजपर्यंत कुनी समजावून सांगितलं न्हाई. म्होरल्या गल्लीत भांड्याच्या दुकानांत भाइर टांगलेले असत्यात चाकू, माळा करून. इकत घेतला तर गुन्हा न्हाई, नेला तर गुन्हा. मग न्यायचा कसा, उडवत?

हवालदार म्हनला चाकू कुनाचा, नाव सांग. मी म्हनले मालकाला फोन करते. आता आमचा फोन पान्यात पडल्यापासनं स्पीकरवरच चालतो, कानाला लावून काय आयकू येत न्हाई. मी फोन लावला, रडत रडत सगळं सांगितलं. मागं पान्याचा खळखळ आवाज. मग हे बोलले, सगळ्या टेबलाला आयकू जाईल असं.

"माझं नाव सांगू नको. तुझाच हाय म्हन. बाईमानसाला सोडत्यात."

हवालदारानं मिशीवरनं हात फिरवला. म्हनला, "लई हुशार हाय गं तुझा मालक. त्याला म्हनावं, पोलिसांनी बी आयकलं."

फोन कट. मला इतका संताप आला की रडूच थांबलं. राखनीचं लोखंड आईचं, चाकू बापाचा, आदेश साहेबाचा, आन खुर्चीवर बसलेली मी. पुना फोन लावला तर बंद. घरी गेल्यावर म्हनले, रेंज न्हवती पाटावर. मग पयल्या फोनला कशी हुती?

तवर ती मशीनवाली पोलीसबाई आली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्सांनी मोटी आसंल. तिनं बाळाला माझ्याकडनं घेतलं, दुपटं नीट केलं, मानेखाली हात घालून धरलं, लेकरं संभाळलेली दिसत हुती. बाळाच्या पाठीवर चाकूच्या मुठीचा लाल वळ उमटला हुता. तो तिनं मला दाखवला. म्हनली पातं इथं उघडलं असतं म्हंजी? मग डॉक्टरला काय दाखवलं असतंस? मी त्या वळावरनं बोट फिरवलं. ती खरं बोलत हुती. आत्या बी खरं बोलत हुत्या. सगळेच खरं बोलत हुते, माझंच तेवढं खोटं.

मग ती वाकून हळूच म्हनली, "पाचवीला पुजलेला हाय का?"

मी मान हलवली.

"मला कळतं गं. पन आदेश हाय."

तेवढ्यात तिथला मोठा साहेब आला. त्याला घाई हुती, दोन फोन वाजत हुते. त्यानं फाईल बघितली, चाकू बघितला, बाळ बघितलं. त्यानं सांगितलं ते असं. चाकू हितं जमा कर, नाव-गाव लिहून दे आन दवाखान्यात जा, आदेश संपला की ज्याचा असंल त्यानं येऊन सही करून न्यावा. न्हाईतर चाकू पायजेच असंल तर आल्या गाडीनं माघारी जा, शहरात घेऊन फिरता येनार न्हाई. आन वाद घालायचा असंल तर गुन्हा दाखल करू, मग दिवसभर हितंच. बोल लवकर.

मी म्हनले साहेब, आदी दवाखाना, मग परत येते, तवर बाळाजवळ असू द्या. तो म्हनला बाई, मी काय बाजारात भाव करतोय का.

समोर दोन रस्ते. माघारी गेले तर लोखंड जवळ, डॉक्टर गेला, परत महिन्यानं. महिना थांबल का काळीज, हे कोन सांगनार? म्होरं गेले तर डॉक्टर हाय, पन बाळ उघडं, अनोळखी शहर, दवाखान्यात सतरा प्रकारची मानसं, कुनी मेलेलं बी भाइर नेत असत्यात त्याच दारातनं. तुमी म्हनाल हे काय खुळ. म्हना. मी बी दिवसा उजेडी म्हनते. पन एक लेकरू पुरलेलं असलं की दिवस उजेड काय कामाचा न्हाई.

मी चाकू मागितला. म्हनले मिटवून द्या, एकदाच. साहेब फोनवर बोलत तिकडं वळला. हवालदार काय बोलनार तवर त्या पोलीसबाईनी खटका दाबून धरून चाकू मिटवला आन स्वताच्या हातातनं न सोडता बाळाच्या कपाळाला लावला, मग छातीला, मग पायाला. मी नुसती तिच्या मनगटाला धरून हुते. मागच्या रांगेतली म्हातारी, मघाशी अगं बया म्हननारी, तिनं हात जोडले. हवालदार टरबुजाच्या गाडीकडं बघत बसला.

मी माझं नाव-गाव लिहून दिलं, मग चाकू ड्रावरात गेला.

मी पळत सुटले. रिक्षा केली न्हाई, मिरवनुकीनं रस्ता बंद. बाळ छातीशी घट्ट, पदर त्याच्या तोंडावर, मनात देवाचं नाव आन नवऱ्याला शिव्या, आळीपाळीनं. दवाखान्याच्या दारातनं आत पाय टाकताना डोळे मिटले. वर डॉक्टरची ब्याग भरून झाली हुती. मी दारातच बसकन मारली, नुसती फाईल पुढं केली. त्यानं ब्याग परत खाली ठिवली. भला मानूस. बाळाच्या छातीला गारगार चिकाट लावून मशीनच्या काचेत बघितलं, लई येळ बघितलं. म्हनला भोक हाय, पन बारीक हाय, बहुतेक आपोआप भरून येईल. धाप लागली, निळं पडलं, दूध प्यायचं सोडलं तर लगेच आना, न्हाईतर तीन महिन्यांनी दाखवा, पन दाखवाच.

मी गाडीत बसून राहुरीपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं इचारलं काय झालं, मी म्हनले चांगलं झालं.

घरी आत्यांनी आदी बाळ घेतलं न्हाई, आदी दुपटं चाचपलं. मी खरं ते सांगून टाकलं. ह्या आरडतील असं वाटलं, पन न्हाई. उंबऱ्यावर बसल्या. बारीक भोक, भरून येईल, हे मी तीनदा सांगितलं, त्यांच्या कानावरनं गेलं. मग म्हनल्या,

"बाळाचं लोखंड आता पोलिसांचं टेबल राखतंय व्हय गं?"

दुसऱ्या दिशी बाळाचं अंग तापलं. जास्त न्हाई, कोमट. उन्हातनं गाडीनं नेलं-आनलं म्हनून असंल, दवाखान्याच्या आशाताईनी औशिदाचे थेंब दिले, सकाळपर्यंत उतरलं. पन त्या एका दिवसात आख्खी गल्ली येऊन गेली आन परतेकीनं जाताना माझ्याकडं बघितलं. आत्यांनी उशाखाली विळा ठिवला, पन म्हनत्यात हा परका हाय, ह्याला बाळाची वळख न्हाई.

आता मिरवनूक होऊन दोन महिने उलटले, आदेश बी कवाच संपला म्हनत्यात. चाकू आनायला मालकानं जायचं. मालक म्हनत्यात, खटक्याचा हाय, सही केली की माझ्यावर कायमचं नाव, तूच जा. मी म्हनले तुमच्या खिशातला हाय. तर म्हनत्यात आता बाळाचा हाय ना, बाळाला न्यावं सहीला. हसत्यात वर. आन आत्यांनी सांगून ठिवलंय, डॉक्टरच्या तारखेला त्याच चाकूबिगर बाळ उंबऱ्याभाइर जायचं न्हाई. तारीख तर जवळ आली.

मी जानार हाय, चाकूसंगं न्हाई तर चाकूबिगर. भांडन झालं तर झालं. पन बाळ जरा जोरात श्वास घ्यायला लागलं की माझं मन परत त्या टेबलापाशी जातं. डाव्या हाताला माघारी जानारी गाडी उभी, समोर गेट, ड्रावर उघडा, साहेब म्हनतोय बोल लवकर. मी जे केलं त्यानं डॉक्टर घावला. मी जे केलं त्यानं बाळ उघडं पडलं. दोनी एकाच टायमाला. तुमच्या खांद्यावर तुमचं लेकरू असतं, पयलं गेलेलं असतं, आन घड्याळ पळत असतं, तर त्या टेबलापाशी तुमी काय केलं असतं?