पुंडलिकने दाखवलेलं घरटं

पेणच्या रामवाडीत कमळाकरचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, ओळखपत्रांचे फोटो. माणूस हाताचा पक्का. रविवारी मात्र तो भलीमोठी लेन्स गळ्यात अडकवून घारी, ससाणे टिपायला खाडीकाठी जायचा. अठरा वर्षांत त्याने तीन कॅमेरे झिजवले, आणि तरी लोक नाव घ्यायचे ते पुंडलिकचं. हे काही त्याला पचायचं नाही.

पुंडलिक हमरापूरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. कॅमेरा कुणीतरी वापरून टाकलेला. पण त्याच्या फोटोतला पक्षी बघणाऱ्याकडे बघायचा. एकदा भर जेवणात कमळाकरची बायको मैना म्हणाली, “पुंडलिकभावजींचा ससाणा कसा जित्ता वाटतो, नाय?”

“मग माझे काय मेलेले असतात?” कमळाकर खेकसला आणि ताटावरून उठला.

डिसेंबरात पुंडलिक आपण होऊन स्टुडिओत आला. “दादा, रोह्याकडं खाडीवरच्या आंब्यावर समुद्रगरुडाचं घरटं हाय. पिल्लू पण हाय. कुनाला बोललो नाय, तुमी चला.”

त्याच्या जागी आपण असतो तर सख्ख्या भावालाही पत्ता लागू दिला नसता, हे कमळाकरला तिथेच कळलं. त्यामुळे तो आणखीच जळला.

घरट्यावर पानांनी भरलेली एक फांदी आडवी आली होती. मादी दिसायची, पण तिचा डोळा नेमका पानांआड. पुंडलिक तीन रविवार नुसता बसून होता. “वाऱ्यानं हलंल कवातरी,” म्हणायचा.

कमळाकरला वाट बघायची सवयच नव्हती. लग्नात नवरीच्या मुंडावळ्या चेहऱ्यावर आल्या की तो खुशाल हाताने सारायचा, मध्ये येणाऱ्या मामाला खांद्याला धरून बाजूला करायचा. एवढ्या वर्षांचा धंदाच तसा.

बुधवारी तो पुंडलिकला न सांगता गेला आणि तिथल्या आंबे उतरवणाऱ्या गुणाजीला त्याने कोयता देऊन झाडावर चढवलं. एकच तर फांदी, असं त्याने स्वतःला समजावलं. संध्याकाळी मादी परतली आणि तिने थेट लेन्समध्ये पाहिलं. कमळाकरने बटण दाबलं.

फोटो मोठा करून त्याने दुकानाच्या काचेत लावला. बाजाराला आलेली माणसं थांबून बघू लागली. मैनाही म्हणाली, “ह्यो खरा जित्ता!” आठवडाभर कमळाकरचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग एका दुपारी पुंडलिक आला. तो सरळ खाडीवरून आला होता, पाय चिखलाने भरलेले. काचेसमोर वाकून तो फोटो बघू लागला.

“डोळा बेस आलाय, दादा.” मग त्याने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे झाडावर कोयत्याचा ताजा, पांढरा घाव दिसत होता. कमळाकरने तो फोटो शंभरदा पाहिला असेल, पण त्याची नजर डोळ्यावरून हललीच नव्हती.

“ती फांदी सावलीची व्हती,” पुंडलिक म्हणाला. “पिल्लू उन्हानं गेलं. कावळे टोचत व्हते त्याला. नरमादी दोगंबी निघून गेली.”

वाऱ्याने मोडली असेल, असं कमळाकर म्हणणार होता, पण घाव कोयत्याचा होता.

“मला याची एक कॉपी द्या, दादा. आता बघायला येवढंच हाय.”

भर रस्त्यात, काचेला हात लावून पुंडलिक रडत होता. कमळाकरला लाज वाटली, खूप वाटली. पण तिच्याही आधी हेवा वाटला. अठरा वर्षांत एकाही पक्ष्यासाठी त्याचे डोळे असे भरून आले नव्हते.