मानेतली सूं सूं

माझ्या मावशीला बसलेली पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती जेवायची उभ्यानं, चहा प्यायची उभ्यानं आणि भांडायची ती फेऱ्या मारत. ती कामाला होती त्या लाँड्रीत सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यामुळे माझं सगळं लहानपण तिच्या मागे धावण्यात गेलं.

लाँड्रीत कॉलर-कफांना खळ लावून इस्त्री करायचं काम तिचं. डागांशी तिचं जन्माचं वैर. कुणाच्या शर्टावर चहा सांडलेला दिसला, की सांडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

गेल्या वर्षी तिचा वेग आणखी वाढला. दुप्पट जेवायची आणि वाळत चालली होती. हात थरथरायचे. एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्रीचा चट्टा उठला, तेव्हा तिनं स्वतःच्याच सात पिढ्यांचा उद्धार केला. स्वतःच्या गळ्याचं बटण लागेना, तर म्हणे कापड आटलं. कापड कसलं आटतंय, गळा फुगला होता. मी तिला अक्षरशः ओढत सर्जनबाईंकडे नेलं.

बाईंनी स्टेथोस्कोप आधी मानेलाच लावला. मग नळ्या माझ्या कानात दिल्या. आत दर ठोक्याला सूं सूं चालली होती, लाँड्रीतल्या वाफेच्या पाइपाशेजारी उभं राहिल्यासारखं.

"हे रक्त," बाई म्हणाल्या. "गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला मेंदूखालची एक ग्रंथी हार्मोन पाठवते, काम कर म्हणून. यांच्या शरीरानं त्या हार्मोनचा एक तोतया तयार केलाय. तो थांबतच नाही, सारखा मागे लागलेला. मग ग्रंथी वाढते आणि तिच्या पेशीच ओरडायला लागतात, रक्त कमी पडतंय, वाहिन्या वाढवा. तशा नव्या वाहिन्या फुटत जातात."

"काम वाढलं की आमचे मालक नवा पाइप टाकतात, तसं," मावशी म्हणाली. तेव्हाही ती खोलीत येरझाऱ्याच घालत होती.

"तसंच. फक्त इथला मालक वेडा झालाय."

मावशीला हे फार आवडलं. पुढचे कित्येक दिवस ती लाँड्रीच्या मालकांकडे बघून गालात हसायची.

गोळ्यांनी छातीची धडधड आवरली, पण गळ्याची गाठ हटेना. ती श्वासनळी दाबत होती, म्हणून ऑपरेशन ठरलं. त्याआधी काही दिवस आयोडीनचे तपकिरी थेंब पाण्यातून घ्यायचे होते. त्यांनी गाठीतलं रक्त ओसरतं. "थेंब चुकवायचे नाहीत," बाईंनी बजावलं, "नाहीतर गळा उघडल्यावर रक्त आवरणं कठीण." मला तिच्याशिवाय दुसरं होतं कोण? रोज संध्याकाळी मी बाटली उजेडात धरून बघायची. बाटली बरोबर उतरत होती.

दाखल व्हायच्या दिवशी बाईंनी पुन्हा मान ऐकली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"थेंब घेतलेत ना?"

"घेतले," मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मी रोज बाटली बघितलीय," मी ठासून सांगितलं.

"मग आवाज तसाच कसा? उद्या मला रक्ताशिवाय काही दिसलंच नाही, तर मी काय करायचं?"

मावशीनं दोन फेऱ्या मारल्या. मग पिशवीतून एक उसवून काढलेली कॉलर घेऊन टेबलावर आपटली. तिच्यावर निळाकाळा डाग होता. पहिल्याच दिवशी कामावर उभ्या उभ्या औषध घेताना एक थेंब ताज्या खळीच्या कॉलरवर पडला आणि डोळ्यांदेखत काळा झाला होता. "कापडाची ही गत, तर माझ्या गळ्याची काय होईल?" मावशी म्हणाली. तेव्हापासून ती रोजचे थेंब न चुकता मोरीत ओतत होती, मला संशय येऊ नये म्हणून.

"मेली असतीस तू," मी म्हणाले. राग इतका आला होता की रडूच फुटलं.

बाईंनी तिचा रुमाल मागितला. "याला खळ लावलीय?"

"घाम पुसायच्या रुमालाला कोण खळ लावतं?"

बाईंनी त्यावर एक थेंब टाकला. तो तपकिरीचा तपकिरीच राहिला. "आयोडीन खळीवर पडलं की काळं दिसतं. त्यानं जळत काही नाही." मावशीनं रुमाल उजेडात धरला, अंगठ्यानं चोळला, हुंगलासुद्धा.

"म्हणजे डाग माझ्याच खळीचा," ती हळू आवाजात म्हणाली.

ऑपरेशन पुढे ढकललं. मग ती माझ्यासमोर थेंब घ्यायची आणि गिळल्यावर आ करून दाखवायची.

ठरलेल्या सकाळी बाईंनी मान ऐकून होकार दिला. स्ट्रेचर आला, तरी मावशी त्याच्याभोवती फिरतच होती.

"तू ऐक."

"बाईंनी ऐकलंय ना."

"तू ऐक. आणि बाटली बघून सांगू नकोस, कान लावून सांग."

मी तिच्या मानेला कान लावला. खोटं बोलायचा फार मोह झाला. "आहे थोडी सूं सूं," मी म्हणाले, "पण खूप लांबून आल्यासारखी."

"थोडी चालेल." तिनं चपला काढल्या आणि कुणी न सांगता आडवी झाली. "तू बस कुठेतरी. उभं राहून काही होत नाही."

आणि हे मला सांगत होती ती! दार बंद झालं.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. "रक्त आटोक्यात राहिलं. मावशी शुद्धीवर येतायत," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "आता तरी बसा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी सकाळपासून फेऱ्या मारत होते.