फ्रँकफर्टच्या काउंटरवर उघडलेली फाईल

काउंटरवरच्या बाईनं माझी पगाराची स्लिप वर धरली आणि शेजारच्या सहकाऱ्याला आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. दोघं हसले. मला जर्मन कळत असेल हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मागे सगळी रांग माझ्याकडे बघत होती.

फ्रँकफर्टचा विमानतळ. बँकॉकचं विमान. मी इथून जवळच, र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. इथेच शिकले, इथेच राबते. माझी आई त्याच दिवशी मुंबईहून बँकॉकला निघाली होती. आयुष्यातलं पहिलं विमान. तिला तिकडची बुद्धविहारं बघायची होती. मी बजावलं होतं, "उतरलीस की पासपोर्टच्या रांगेच्या अलीकडे बस. मी येईपर्यंत हलू नकोस." मला चढूच दिलं नाही, तर ती तिथे बसूनच राहणार होती. मराठीशिवाय भाषा येत नाही तिला.

बाईनं एवढंच विचारलं होतं, थायलंडमधून बाहेर पडायचं तिकीट आहे का? व्हिसा लागत नव्हता, पण हे तिकीट लागतं म्हणाली. होतं की माझ्याकडे. बँकॉक ते मुंबई, आईबरोबरचं. ते द्यायचं आणि गप्प बसायचं. पण मी काय केलं? अख्खी फाईल तिच्यापुढे उपडी केली. आपल्या प्रत्येकाकडे असते ना, तसली जाडजूड प्लास्टिकची. नोकरीचा करार, पगाराची स्लिप, भाडेकरार, बँकेचं स्टेटमेंट, डिग्रीसुद्धा. डिग्री! कुणी मागितली होती?

"हे तिकीट दुसऱ्या विमान कंपनीचं आहे," बाई म्हणाली. "असं कुणीही कॉम्प्युटरवर बनवतं. तुमचे लोक तर नेहमीच."

शेजारून मराठी आवाज आला. "अहो मॅडम, दाखवून टाका ना काय मागतायत ते. अशानंच आपल्या लोकांचं नाव खराब होतं."

हे गृहस्थ रांगेत माझ्या पुढे होते, पास मिळूनही तिथेच रेंगाळलेले. मघाशी गप्पा झाल्या होत्या आमच्या. जर्मन पासपोर्ट, फक्त जायचं तिकीट. परतीचं "तिकडेच बघू" म्हणाले होते. त्यांना बाईनं हसून बोर्डिंग पास दिला होता. व्हिसा त्यांनाही लागत नव्हता, पण त्यांना एक प्रश्न नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शाळेत गुरुजी म्हणायचे, "सवलतवाले उभे राहा." मी उभी राहायचे आणि न मागताच जातीचा दाखला पुढे करायचे. पोरं खिदळायची. मग कॉलेज, वसतिगृह, व्हिसाचं ऑफिस. सगळीकडे तेच. मी चोर नाही हो, मी चोर नाही, हेच जन्मभर सांगत आले. का म्हणून?

मी तिच्या हातातली स्लिप ओढून घेतली. सगळे कागद फाईलमध्ये कोंबले. काउंटरवर ठेवला पासपोर्ट आणि ते तिकीट. मग जर्मनमध्ये बोलले, रांगेला ऐकू जाईल असं.

"यावर बुकिंग नंबर आहे. त्या कंपनीला फोन करा. खोटं निघालं तर पोलीस बोलवा. आणि या साहेबांना परतीचं तिकीट का विचारलं नाही, ते मला सांगा."

बाई लालबुंद झाली. साहेब मोबाईलमध्ये तोंड खुपसून चालते झाले. भीती वाटत होती, आईचा चेहरा डोळ्यापुढून हलत नव्हता. पण मी मान खाली घातली नाही. वरिष्ठ आला, त्यानं फोन लावला. तिकीट खरंच होतं. बोर्डिंग पास माझ्याकडे सरकवला. सॉरी कुणी म्हणालं नाही.

बँकॉकला आई बाकावर सापडली. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. मला बघून रडायलाच लागली बिचारी. आम्ही पासपोर्टच्या रांगेत लागलो, तशी ती पिशवीतून एकेक काढायला लागली. आधार कार्ड. रेशनकार्ड. बाबांच्या पेन्शनचं पुस्तक. जातीचा दाखला.

"अगं, हे कशाला?"

"असू दे. त्यांना वाटायला नको, कुठली कोण बाई."

मी ते सगळं परत पिशवीत घातलं आणि चेन ओढली.

"आई, पासपोर्ट आणि तिकीट. बस्स. जास्त काही मागितलं तर आपण विचारायचं, का?"

माझी ती फाईल आता कपाटात आहे. तिथेच राहील. आधी मला नियम दाखवा, मग मी कागद दाखवीन. विमान सुटलं तरी चालेल.