खंडेनवमीची बॅग

बॅग हातात आली की मी आधी तिचा वास घेते. या बॅगेला खोबरेल तेलाचा वास येत होता, तोही खवट झालेल्या. मी विचारलं, "आक्का, हिला तेल कोण लावतंय?"

"मीच की," समोर बसलेल्या आक्का म्हणाल्या. "दर खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी. तेल लावायचं, पाटावर ठेवायची, वल्या कुंकवाची पाच बोटं उठवायची. नोकरी लागल्यापास्नं एक साल चुकवलं न्हाय."

चुकवलं असतं तर बरं झालं असतं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

मी बेळगावच्या वडगावात राहते. सासर विणकरांचं. घराच्या मागच्या भागात नवऱ्याचे पॉवरलूम, पुढच्या खोलीत माझं काम, जुन्या लेदर हँडबॅगा नीट करून द्यायचं. लग्नाआधी बेंगळुरात बॅगांच्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये होते, तिथं शिकले. 'जुनी बॅग दुरुस्तीला कोण देतंय,' असं सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या. आता गिऱ्हाइकाला चहा त्याच देतात आणि बॅगेची चौकशीही माझ्याआधी त्याच करतात.

आक्का निपाणीच्या, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. पितळी खटक्याची ही तपकिरी हँडबॅग घेऊन त्या खेडोपाडी बाळंतपणं करत फिरल्या. आता त्यांच्या नातीला, अश्विनीला, बेळगावातल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती. ड्युटीला आजीचीच बॅग नेणार, हा हट्ट नातीचाच. नेली. पहिल्याच दिवशी पांढऱ्या युनिफॉर्मवर कमरेशी लाल डाग उमटला. इन्चार्ज सिस्टरनं सगळ्यांसमोर विचारलं, हे रक्त कुणाचं? नंतर ही बॅग परत आणायची नाही, अशी ताकीद दिली. पोरगी घरी येऊन रडली. आक्का रडल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं वडगावात हजर.

"निघंल नव्हं गं हे? न्हाय तर बॅग कपाटातच बसंल. मी बसलीया घरात ते पुरे झालं. हिनं तरी ड्युटीवर जायला पायजे."

मी आधी कधी खात्री देत नाही, तेव्हाही दिली नाही. लेदर म्हणजे शेवटी कातडीच, तिला तेलकटपणा लागतोच. पण खोबरेल आत मुरतं ते सहजी बाहेर येत नाही. लेदर काळं पडतं, चिकट होतं आणि आमच्या पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी बसते. इथं त्या तेलानंच कुंकवाचा रंग आत ओढून नेला होता. खटक्याखाली पाच लाल बोटं, एकावर एक, वर्षानुवर्षांची. सुती फडकं नुसतं टेकवलं तरी लाल होत होतं. याला आम्ही कलर ट्रान्सफर म्हणतो, म्हणजे एका वस्तूचा रंग दुसरीला लागणं.

आधी तेल काढायला घेतलं. कॉर्नफ्लोअर पसरून ठेवायचं, ते तेल पितं, मग झटकून नवीन पसरायचं. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत डबा रिकामा झाला. मग सॅडल सोप. हा घोड्याच्या खोगिराचा साबण, फेस तेवढा घ्यायचा, पाणी जवळजवळ नाही. बरंच कुंकू उतरलं. राहिलेल्या रंगाला स्पिरिट लावून बघावं म्हणून आतल्या कोपऱ्यात टेस्ट केली, तर स्पिरिटनं बॅगेचा मूळ तपकिरी रंगही उचलला. म्हणजे घासणं तिथंच थांबवायचं. उरलेल्या डागावर त्याच शेडचा रंग द्यायचा आणि वर टॉप कोट. टॉप कोट म्हणजे पारदर्शक थर, रंग आत कोंडून ठेवणारा.

रंगाचा स्पंज हातात घेतला आणि माझा हात अडला. पाचही बोटं पुसटशी दिसत होती. एका बाईची सगळी नोकरी मी पुसायला निघाले होते. मी आक्कांना फोन लावला. म्हटलं, एक बोट ठेवते, वरून टॉप कोट देते, रंग लागणार नाही, तुमची आठवण राहील.

 त्या म्हणाल्या, "नगं पोरी. ती माझ्या ड्युटीची बोटं. माझी ड्युटी संपली. तिची तिला करू दे."

मी पाचही बोटं झाकली. डोळे पुसले आणि मग झाकली, खरं सांगायचं तर.

टॉप कोटला माझी अडचण ठरलेली. लूम चालू असले की घरभर सुताचे तंतू उडतात आणि ओल्या कोटवर चिकटतात. गल्लीत करंट गेला की सगळे वीजवाल्यांचा उद्धार करतात, मी ब्रश घेते. त्या दिवशीही दुपारी करंट गेला. आमचे हे कपाळाला हात लावून बसले आणि मी कोट देऊन मोकळी झाले.

न्यायला आजी आणि नात दोघी आल्या. आक्कांनी आपल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर बॅगेवर खसखसून घासला, उजेडात धरून बघितला. पदर पांढराच. बॅग त्यांनी नातीच्या हातात दिली आणि आता मात्र त्या रडल्या. मी दोघींना बजावलं, खोबरेल नाही, कुंकू नाही. दोघींनी शाळेतल्या पोरींसारख्या माना डोलावल्या.

खंडेनवमीला अश्विनीचा फोटो आला. पाट, पाटावर बॅग, खटक्याखाली पाच लाल बोटं. आजीच्यापेक्षा बारीक. वर तेलाची चकाकी.

माझं डोकंच फिरलं. फोन घेऊन तणतणत आत गेले, घरच्यांना दाखवायला. हे लुमाला कुंकू लावत होते. सासूबाईंनी माझी आरी, कात्री, सुया पाटावर मांडून पूजा उरकली होती. आणि त्याच ओघात कपाटातल्या एका गिऱ्हाइकाच्या क्रीम कलरच्या हँडबॅगेलाही बोट लावलं होतं.

"तुझ्या कामाची न्हाय व्हय ती?" त्यांनी मला विचारलं. मी ती बॅग उचलली आणि सॅडल सोप काढला.

तेव्हापासून बॅग परत देताना मी हँडलला लेदरचा छोटा टॅग अडकवून देते. पूजा करायची ती टॅगची. ड्युटीला जाताना टॅग काढून देवापाशी ठेवायचा. लोकांना नको म्हणून उपयोग नसतो, जागा करून द्यावी लागते. पहिला टॅग अश्विनीच्या बॅगेला. पुन्हा सगळं साफ करून बॅग दिली, तेव्हा आक्कांनी तो टॅग उलटसुलट करून बघितला, पसंत पडला.

मग म्हणाल्या, "आणि तेलाचं काय गं?"

त्यावर मला अजून काही सुचलेलं नाही.